लोडावरची लेस

क्रोशा कुणालाही येतो. एक सुई, एक दोरा; चुकलं की उसवायचं. मी चौथीपर्यंत शिकले, तरी मला आला. टॅटिंगमध्ये सगळ्या गाठी, चुकीची बसली की कात्रीच. आणि बॉबिनच्या लेसला डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने हात लावू नये.

आमच्या नातीने लग्नाच्या तोंडावर तीच धरली. होणाऱ्या सासूला ती फोनवर सांगून बसली होती, रुखवतात माझ्या हातची लेस असेल. सासू नागपूरची, स्वतः टॅटिंग करणारी. विकतची लेस तिने लांबूनच ओळखली असती. मी म्हटलं, क्रोशाचा रुमाल कर, संध्याकाळपर्यंत होईल. नातीला तो जुनाट वाटला.

बॉबिन म्हणजे दोरा गुंडाळायच्या लाकडी कांड्या. भोपाळात त्या कुठे मिळेनात. तिने कपड्यांच्या चिमट्यांना दोरे गुंडाळले, आमच्या ह्यांचा टेकायचा लोड उचलला आणि त्यावर टाचण्या टोचल्या. चिमट्यांच्या जोड्या एकमेकींवरून न्यायच्या, पीळ द्यायचा, टाचणी टोचायची. मध्ये कुणी बोललं की कुठली जोडी खालून गेली ते ती विसरायची. सून तिला जेवायलाही हाक मारीना. ओले कपडे आम्ही खुर्च्यांवर वाळत घातले. महिन्याभरात वीतभर लेस झाली. ती लोडावरून सोडवायची कशी, हे व्हिडिओच्या पुढच्या भागात होतं आणि तो भाग अजून आलाच नव्हता.

म्हणून अयोध्या नगरच्या हॉलमध्ये, रुखवतातल्या लाडवांशेजारी, चिमट्यांसकट लोडच मांडला.

सासूने वाकून पाहिलं.

"तुझ्या हातची?"

"हो."

"मग एक ओळ करून दाखव."

नात मुंडावळ्या बांधलेल्या, शालू नेसलेली, तशीच बसली. ओळ अर्ध्यात आली आणि मामा तिला बोहल्यावर न्यायला आला. ती उठेना. गुरुजी माईकवरून मुहूर्त टळेल म्हणू लागले. आता सासू घाबरली. तिने नातीच्या हातातले चिमटे घेतले.

"ऊठ. मी धरते. वरचा कुठला, तेवढं सांग."

"डाव्या हातातला. हलवू नका."

मंगलाष्टकं सुरू झाली. सासूचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिच्या वाटच्या अक्षताही मीच टाकल्या. शेवटी तिला म्हटलं, अहो, मुलाचं लग्न लागतंय, मान तरी वर करा.

"उजेडातून बाजूला व्हा," ती म्हणाली. "पोरीची कडेची जोडी चुकलीय. ती बोहल्यावरून आली की आम्ही दोघी सोडवतो."