अक्कांच्या तांब्यातलं पाणी

आज जे लिहितो आहे ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. सरकारी नोकरीमुळे मद्रासला आलो आणि शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावी क्वार्टर्समध्ये राहू लागलो. रविवारी दुपारी आपल्याकडच्या दोन-चार घरांतली मुलं आमच्याकडे जमत आणि मी त्यांना धर्मशिक्षण देई. मी प्रश्न विचारायचा, मुलांनी एका सुरात उत्तर म्हणायचं, अगदी पाठ होईपर्यंत. मधली भिंत पातळ. पलीकडे कमळाअक्का राहत; तंजावरकडच्या मराठी, शाळेत शिकवणाऱ्या. मला तंबी म्हणत, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. "तंबी, तुमचा देव फार परीक्षा घेतो," असं म्हणून चिडवत.

मुलगा झाला तेव्हा बाप्तिस्मा लगेच व्हायला हवा होता. पण आमच्या घरात पहिल्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याची जबाबदारी घेणारा, त्याचा थोरला काका, आणि त्या भावाचं तोंड पाहायचं नाही असं मी ठरवलेलं. बायको म्हणे, बोलवा त्यांना. मी म्हणे, बघू. मनात वैर, म्हणून फादरकडे पापनिवेदनाला जाववेना. ते कोणाला कळू नये म्हणून मी आणखी जोरात शिकवी.

मग बाळ-बाळंतीण दोघंही तापाने फणफणली. बायको भ्रमात. बाळाला पाहून डॉक्टरांनी मान हलवली. घरात पाणी होतं, शब्द मला पाठ होते. जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मीच शिकवलेलं. देणाऱ्याच्या पापाने संस्कार बाटत नाही, हेही मीच. तरी तांब्या उचलला आणि वाटलं, या हातचं पाणी माझ्या लेकराला पोचायचं नाही. तांब्या खाली ठेवला, अक्कांना दोघांजवळ बसवलं आणि फादरना आणायला स्टेशनजवळच्या चर्चकडे धावलो.

आम्ही परतलो तेव्हा बाळाच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. मी उंबऱ्यातच बसलो. बाळ गेलं याहून मोठी भीती होती ती ही, की ते तसंच, बाप्तिस्म्यावाचून गेलं, माझ्यामुळे.

अक्का जवळ आल्या. "तंबी, रागावूं नका. श्वास अडकला, तुमी दिसेनात. मी पाणी घातलें."

फादर तमिळ. त्यांनी खाली बसून अक्कांना तमिळमध्ये शांतपणे एकेक विचारलं. पाणी डोक्यावरून वाहिलं? वाहिलं. शब्द कोणते? अक्कांनी म्हटले ते मराठीत, मी मुलांकडून घोकून घेई त्याच सुरात: पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी फादरना अर्थ सांगितला. नाव काय घेतलं? "राजा. रोज तेंच म्हणत होतें त्यास." मग फादरनी शेवटचं विचारलं, मनात काय होतं?

अक्का म्हणाल्या, "ह्यांची माणसें करतात तें. ह्याचे लोक जेथें जातात तेथें हा पोचूं दे."

फादरनी डोळे मिटले. म्हणाले, "बाप्तिस्मा झाला आहे. मी पुन्हा देऊ शकत नाही."

पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे शास्त्रात आहे. ते पाणी बाप्तिस्मा न झालेल्या हातचंही चालतं, हे तिथे मला कुठे सापडत नाही. ते ख्रिस्तसभेने पिढ्यान्‌पिढ्या जपलं आणि माझ्यापर्यंत पोचवलं. मी ते तोंडाने शिकवत राहिलो. विश्वास ठेवायची वेळ आली तेव्हा पळालो. ज्या शिकवणीवर मी भरवसा टाकला नाही, ती भिंत ओलांडून गेली आणि दुसऱ्याच ओंजळीतून माझ्या मुलाकडे परत आली. आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो. कृपा माझ्या हाताच्या लायकीसाठी खोळंबली नव्हती. तो हात मला फक्त पुढे करायचा होता.

त्याच संध्याकाळी मी पापनिवेदन केलं आणि भावाला कळवलं; दुसऱ्या दिवशी राजाच्या मातीला तो आला.

ताप उतरल्यावर बायकोने पहिलं विचारलं, "बाप्तिस्मा?" मी म्हटलं, झाला. तिने माझा हात कपाळाला लावला. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून." मी तो हात काढून घेतला नाही. दारात अक्का कांजीची, म्हणजे भाताच्या पेजेची, वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, वाटी ठेवली आणि गेल्या. पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

अक्का अजून शेजारीच राहतात. राजाला पाणी कोणी घातलं, ते नाव मी माझ्या बायकोला अजून देणं लागतो.