वाडी तुटेपर्यंत गोव्यात

उमेळ्याची आमची माडा-केळींची वाडी विकायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "झाडं तोडताना मला इथे ठेवू नका. कुठेही न्या." विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा आल्या होत्या, केळी धड धरत नव्हत्या. विकायला त्यांचीही ना नव्हती. फक्त ते डोळ्यांनी बघवणार नव्हतं.

नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी लग्नानंतर आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. वाडीला लागून असलेल्या घरात बाबा आणि भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ म्हणाला, गोव्याला ने, सगळे जातात. त्याने बाबांना फुलाफुलांची हाफ पँटही आणून दिली. बाबांनी ती मुकाट्याने घातली. त्या पँटमध्ये ते दुसऱ्याच कुणाचे तरी वडील वाटत होते.

कोलव्याच्या किनाऱ्यावर सगळे समुद्राकडे तोंड करून बसले होते. बाबा खुर्ची फिरवून पाठ करून बसले, कारण माड तिकडे होते. "ह्याच्या शेंड्यात भुंगा शिरलाय," त्यांनी शॅकवाल्याला सांगितलं. तो हसला आणि काय खाणार म्हणून विचारलं.

"बाबा, समुद्र बघा की," मी म्हटलं.

"समुद्र काय, आपल्याकडेही आहे."

समुद्र दिसणारी खोली मी हट्टाने मागून घेतली होती, त्यामुळे मला रागच आला. आणि ते म्हणत होते ते खरं होतं, म्हणून जरा जास्तच आला.

दुसऱ्या दुपारी ते खोलीत दिसेनात. लॉजच्या मागे केळीचं बेट होतं, तिथे सापडले. वाळकी पानं ओढून काढत होते आणि बुंध्याशी नीट रचत होते. लॉजची मालकीण मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"आज तोडतायत ना?" बाबांनी मागे न बघताच विचारलं.

मी हो म्हटलं. तसे ते तिथेच मातीत बसले आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसले आणि रडून घेतलं.

त्यानंतर मात्र ते मोकळे झाले. संध्याकाळी गुडघाभर पाण्यात गेले, पोटभर मासे खाल्ले, "झालं एकदाचं" असं दोनदा म्हणाले. त्यांना पोटभर जेवताना बघून मलाही सुटल्यासारखं वाटलं. भावाचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणू का त्यांना?" तो म्हणाला, "घेऊन ये, मग बोलू." मी समजले, उरकलं.

रिक्षा वाडीशी वळली आणि बाबांनी लावलेले माड दिसले. एकूण एक उभे होते. खाली झाडं तोडणारा म्हातारा बसला होता. मिठागराकडच्या गावातला, बाबांच्याच वयाचा. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "किती समजावलं. ऐकतच नाही."

"फळती झाडं हायत," म्हातारा बाबांना म्हणाला. "लावनाऱ्याच्या हातचा पयला घाव पडल्याबिगर आमी हात नाय लावत. पानी भरून ठेवलंय, आधी बुंध्याला घाला."

हा रिवाज बाबांना माहीत होता. पण त्यांच्या हयातीत आमच्या वाडीत फळतं झाड कुणी तोडलंच नव्हतं, त्यामुळे तो कुणाला आठवलाच नाही. फोनवर हे सांगितलं नाही म्हणून मला भावाचा संताप आला, म्हाताऱ्याचा आला नाही.

बाबांनी तांब्यातलं पाणी बुंध्याला घातलं. कुऱ्हाड उचलली. घाव इतका हलका होता की साल जेमतेम उडाली. "बस, झालं," म्हातारा म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड त्यांच्या हातातून काढून घेतली.

बाबा माझ्याकडे आले आणि माझा हात धरला. "चल, परत गोव्याला जाऊ."

मी त्यांना घरात नेलं आणि सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. आवाज तरीही येत होता.