नानांनी वर काढलेलं कासव

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाशिंदला कारखान्याच्या गेटवर होतो. "भाऊजी, या. घाई नका करू, सावकाश या," एवढंच त्या म्हणाल्या. घाई नको म्हटल्यावर काय ते कळलं. शहापूर सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलो. वाटभर नानांचा चेहरा आठवू पाहत होतो, आणि डोळ्यांपुढे येत होता तो त्यांचा आखडलेला उजवा पाय. नाना, माझे थोरले भाऊ, जाऊन आता दीड महिना झाला. छातीच्या दुखण्यानं गेले असं सगळे सांगतात, तेही खरंच आहे. पण त्याआधी दोन वर्षं ते खाटेला का खिळले होते, हे सांगायला मला त्यांच्या मरणापर्यंत धीर झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी वाशिंदला आमच्या शेजारचं बिऱ्हाड खोली सोडून गेलं आणि जाताना एक कासव माझ्या गळ्यात मारून गेलं. बायको म्हणाली, घरात नको. मग एका रविवारी पिशवीत घालून मोटारसायकलवरून धसईजवळच्या आमच्या गावच्या घरी, नानांकडे नेलं. आमच्याकडे विहिरीत कासव सोडायची जुनी रीत आहे, पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. मी कुणाला न विचारता ते बादलीत ठेवून खाली सोडलं, बादली कलंडवली आणि चहाला येऊन बसलो. मोठं पुण्य केल्याच्या ऐटीत नानांना सांगितलंही. वहिनी तेव्हा मळ्यात होत्या. नानांनी कप खाली ठेवला.

"बोटांना पडदे व्हते का त्याच्या?"

नव्हते, मी म्हणालो. पाय चांगले जाड, खुंटासारखे होते.

"जमिनीवरचं हाय ते, दिन्या. बुडंल ना."

आम्ही पळत गेलो. कासव एका कपारीला पाय अडकवून, तोंड तेवढं पाण्याबाहेर काढून होतं. मला पोहता येत नाही. नाना साठी ओलांडलेले, पण तेच उतरले, आणि धाकटा मी काठावर दोर धरून उभा राहिलो. कासव सदऱ्यात खोचून ते वर आले... अगदी शेवटच्या टप्प्यावर शेवाळ होतं. पाय सटकला आणि ते खालच्या दगडावर आदळले. कासवाला ओरखडाही नाही, नानांचा खुबा मोडला. वहिनी धावत आल्या तेव्हा विव्हळत त्यांनी सांगितलं, "कासव पडलं व्हतं आत, काढाया गेलो." पुढचं ते सांगतील म्हणून मी थांबलो. त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

कल्याणला ऑपरेशन झालं, पण पाय काही धड झाला नाही. नाना ओटीवरच्या खाटेवर आले आणि त्यांनी पहिलं काम काढलं ते कासवाच्या घराचं. दर रविवारी मी करवत चालवायची आणि त्यांनी उशीला टेकून चुका काढायच्या. मी आधी हुशारीनं बारीक जाळी लावली. कासव दिवसभर जाळीला नाक घासत फिरायला लागलं, नाक सोललं. आरपार दिसलं की त्याला वाट आहे असं वाटतं, नाना म्हणाले, आणि जाळी काढायला लावून जुन्या दाराच्या फळ्या ठोकायला लावल्या. कोपऱ्यात ते अडकून पडायचं, म्हणून कोपरे शेणमातीनं लिंपून गोल केले. खाली लाल माती, एका बाजूला उलटं मडकं दडायला, पाण्याला उथळ परळ, गारठ्यासाठी वर एक पिवळा बल्ब. फळी खाटेच्या उंचीपेक्षा बोटभरही वर गेलेली त्यांना चालायची नाही. पडल्यापडल्या दिसायला पाहिजे होतं.

कासव आपोआप विहिरीत कसं पडेल, कुणीतरी टाकलंच असणार, असं वहिनींनी धरलं होतं, आणि मला जेवायला वाढताना त्या त्या टाकणाऱ्याला शिव्या घालायच्या. "हात झडलं पायजेत त्याचं," म्हणायच्या आणि माझ्या ताटात भाकरी टाकायच्या. मी ती मोडून खायचो. नाना तेवढ्या वेळात कासवाकडे बघत राहायचे. एकदा न राहवून मी हळूच म्हणालो, वहिनींना सांगून टाकतो.

"सांगून काय माझा पाय सरल व्हतोय? तिला तुला जेवाया वाढायचंय अजून," ते म्हणाले. "तो कोपरा नीट कर."

मी कोपरा नीट केला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच आज जास्त लाज वाटते. नानांनी मला वाचवलं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत राहिलो. घर फुटू नये म्हणून त्यांनी धरलेलं मौन मी सोयीनं हुकूम मानलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा वहिनी कासवाचं परळ धूत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बादलीसकट. त्या परळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्सं मी शिव्या घातल्या, नि तुमी समोर बसून जेवलात." परळ त्यांनी उन्हात पालथं घातलं. "त्यांनीबी मला कलू दिलं नाय," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. नवऱ्यावर रागवायलाही मी त्यांना उशीर केला होता... मी निघालो तेव्हा त्यांनी सांगितलं, दर रविवारी यायचं, कासवाची माती बदलायची, पाला घालायचा आणि जायचं.

मी जातो. माझं ताट आता मांडलं जात नाही. चार वाजता नाना कासवाला हातानं जास्वंदीचं पान भरवायचे. अजून चार वाजले की ते खाटेकडच्या फळीला येऊन मान वर करतं. मी पान पुढे धरतो. माझ्या हातून ते खात नाही. पान मातीवर ठेवून मी मागे सरकलो की मग खातं.

"खाल्लं का?" वहिनी आतूनच विचारतात.

"खाल्लं," मी म्हणतो.

आठवड्यात आमचं बोलणं होतं ते एवढंच. मला ते चुकवायचं नाही.