बाहीचं माप

बाजारातला कुठलाही अॅप्रन मला होत नाही. खांद्यात बसतो, पण बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच थांबतात. म्हणून नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करत असले तरी अॅप्रन मी आमच्या गावच्या, सौंसरच्या टेलरकाकांकडूनच शिवून घेते. बाबांचे शर्टही तेच शिवायचे.

बाबा शाळेत शिकवता शिकवता गेले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतींमध्ये जन्मापासूनच कच्चेपणा होता आणि लांब हात, लांब बोटं ही त्याची वरून दिसणारी खूण होती, हे मला शिकताना कळलं. तोच जनुकातला बदल माझ्यातही आहे. मी रोज गोळी घेते, वर्षातून एकदा हृदय तपासून घेते आणि उरलेला वेळ इतरांच्या जनुकांत असेच बदल शोधत बसते. काम मला मनापासून आवडतं, तेव्हा कुणी कीव केली की माझं डोकं फिरतं. बाबा एकुलते होते आणि आम्ही दोघी बहिणी. धाकटीनं भीतीपोटी कधी तपासणी करू दिली नाही. ती बुटकी, हात आखूड, म्हणून मीही फार मागे लागले नाही.

गेल्या दिवाळीला तिच्याकडे सौंसरला गेले आणि भाचीला कॉलेजच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना पाहिलं. एकोणीस वर्षांची, ताडमाड उंच. ती उडाली, तिचा हात जाळीच्या वर गेला. हुबेहूब बाबांचा हात. विद्यापीठाच्या संघाची निवड दोन महिन्यांवर होती. पण असा कच्चेपणा असेल तर उड्यांच्या ताणानं ती रक्तवाहिनी फाटू शकते, म्हणून मी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं की रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत खेळ बंद. माय-लेकी दोघींनी रक्त दिलं. घरच्यांचं रक्त आपण स्वतः तपासायचं नाही, असा माझा नेम आहे, म्हणून नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. भाची माझ्याशी बोलेना. बहीण स्वयंपाकात मीठ विसरू लागली.

महिनाभरानं नवा अॅप्रन घ्यायला गेले, तेव्हा टेलरकाकांनी तोंड का उतरलं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे मापाची वही उघडली, भाचीच्या कुर्त्याचं पान काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या बाबूजींची बाही उंचीच्या मानानं लांब होती. या पोरीची तं उंचीच लांब हाये. हे माप लोधीखेड्याच्या बुढ्याचं हाये. तुमी उगाच घाबरून राहिल्या."

लोधीखेड्याचा बुढा म्हणजे भाचीचे आजोबा, बहिणीचे सासरे. नव्वदीला टेकलेत आणि दारातून अजून वाकून आत येतात. आलेल्या प्रत्येक पेशंटला हात पसरून उभं करायचं आणि बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं, ही माझ्या कामातली पहिली पायरी. भाचीला मी टेपच लावली नव्हती. भीतीनं माझं सगळं शिक्षण खुंटीला टांगलं होतं. बहिणीच्या घरी येऊन तिला भिंतीशी उभं केलं. पसरलेले हात आणि उंची, दोन्ही मापं सारखीच भरली. तरी टेपनं निकाल लागत नाही, हे मी तिला बजावलं, आणि त्यावर ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

रिपोर्ट निवडीच्या चार दिवस आधी आला. मी पहिली बस पकडून सौंसर गाठलं. दोघींमध्येही तो बदल नव्हता. बहिणीनं कागद उलटासुलटा पाहिला आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. इतकी वर्षं आपण पोरीला काय देऊन बसलो, याच धास्तीत ती जगली होती. मला वाटलं, भाची आता उड्या मारेल. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, म्हणजे आता हे एकट्या तुलेच हाये?"

"हो," मी म्हटलं. मला मूलबाळ नाही. "अन् माझ्यासंगच संपते."

बोलून गेले आणि मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. भाची गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला मैदानावर पिटाळलं.