रुखवतातला हत्ती

लेकीच्या लग्नाला दोनेक महिने असताना मी आमच्या दादरच्या इमारतीच्या शेवटच्या पायरीवर घसरले. जिना नुकताच धुतला होता आणि माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. पडताना पिशव्या सोडायला हव्या होत्या, मी सोडल्या नाहीत. उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. नवरा फोनवर सगळ्यांना तेच सांगत सुटला, आणि मधूनच मला विचारत होता, "अगं, चहाच्या पावडरीचा नवा पुडा कुठे ठेवलायस?"

लग्नाची कामं मी आधीच लिहून फ्रिजवर चिकटवली होती. ती वाटून दिली. हॉल, गुरुजी, फुलं, साड्यांचे फॉल. मी बसल्या जागी सांगायचं, बाकीच्यांनी करून यादीवर खुणा करायच्या. सगळं झालं. माझा हात गळ्यात अडकवलेला असतानाही सगळं वेळेवर झालं, याचं मला कौतुक वाटायला हवं होतं.

एकच काम वाटून देण्यासारखं नव्हतं. रुखवत. आमच्या घरात कुणाचंही लग्न निघालं की हाताने केलेल्या वस्तू मांडायचं काम माझ्याकडे यायचं. जावेच्या मुली झाल्या, भाची झाली. "तुझा हात आहे म्हणून निभावतं," असं म्हणून सगळ्या मोकळ्या व्हायच्या. ऑफिस करून मी ते केलं. स्वतःच्या मुलीसाठी मात्र गेल्या दिवाळीपासूनच टेबलक्लॉथ भरायला घेतला होता. कर्नाटकी कशिदा. त्यात एक घर सोडून एक टाका घालत पुढे जायचं आणि परत येताना सुटलेली घरं भरायची. परत आलंच नाही, तर कापडावर नुसती तुटक रेघ दिसते. माझं अर्धं कापड तसंच राहिलं होतं. मधली पालखी पूर्ण, डावीकडचा रथ पूर्ण, उजवीकडे तुटक रेघा.

मी लेकीला म्हटलं, "भरलेली बाजू पुढे घेऊ. उरलेली मागे भिंतीकडे दुमडून टाकू."

"आई, फोटोवाला ड्रोन उडवणारे हॉलमध्ये. वरून सगळं दिसतं." मग म्हणाली, "परळला एक बाई आहेत, त्या अख्खं रुखवत भाड्याने देतात. सकाळी मांडतात, रात्री घेऊन जातात. मी बोलून ठेवलंय."

विचारलं नव्हतं, बोलून ठेवलं होतं. मी नवऱ्याला सांगून यादीत तेही लिहून घेतलं.

लग्नाच्या दिवशी प्लास्टर निघालेलं होतं, पण मूठ वळत नव्हती. टेबलावर मण्यांचं तुळशीवृंदावन होतं, नारळाचे नवरा-नवरी होते, आणि फ्रेममध्ये कशिद्याचा एक हत्ती, पाठीवर अंबारी असलेला. काम चांगलं होतं. वाईट असतं तर मला बरं वाटलं असतं.

विहीणबाई त्या हत्तीपाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "विहीणबाई, हात मोडलेला असताना हे केलंत?"

मी काही बोलायच्या आत शेजारून लेक म्हणाली, "पडायच्या आधीच केला होता तिने."

विहीणबाईंनी काचेवर हात ठेवला. "माझी आई करायची हे. मला शिकवून शिकवून दमली. हा मी माझ्या हॉलमध्ये लावणार हं, आत्ताच सांगून ठेवते."

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. परळच्या बाई खांबाआड रिकामी खोकी घेऊन बसल्या होत्या. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, तू बोल ना त्यांच्याशी." लग्नाच्या दिवशीही हे काम माझंच. मी गेले. त्या म्हणाल्या, "ताई, दर लग्नात कोणी ना कोणी एखादी वस्तू धरून बसतंच. द्या तुम्ही काय ते." पैसे देताना मी विचारलं, हत्ती केलाय कोणी? "कुठून कुठून येतं हो. नाव कोण विचारतं."

तो आता गिरगावात विहीणबाईंच्या हॉलमध्ये दारासमोर आहे. मी गेले की त्या पाहुण्यांना माझी ओळख त्याच्यावरून करून देतात. मी मान हलवते. लेक त्या वेळी सरबत आणायला आत जाते. एकदा ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा मी विषय काढला.

"आता सांगून काय मिळणार? त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला?"

"तुला काय झालंय? तुझं कौतुकच चाललंय."

फिजिओथेरपीने हात सुधारला. बोटं पूर्वीसारखी चालायला लागली, तेव्हा तिला विचारलं, टेबलक्लॉथ पुरा करून पाठवू का? म्हणाली, "आमचं टेबल काचेचं आहे गं. त्याच्यावर काही घालत नाहीत."

आणि मग विहीणबाईंचाच फोन आला. भिंतीची एक बाजू ओकीबोकी दिसते, तर या हत्तीला जोडी करून द्याल का, समोरासमोर तोंडं असलेली? "घाई नाही, तुमचा हात सांभाळून." बाई मायेने बोलत होत्या, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. त्यांनी फोटो पाठवला. मी तो मोठा करून घरं मोजली. मागचा एक पाय एका घराने आखूड आहे. परतीच्या फेरीत कुठे चुकलं, तेही दिसतं. करणारी दमली असणार.

मी तो हत्ती भरायला घेतला आहे. रविवारी लेक आली, शेजारी बसून बघत राहिली.

"आई, हा पाय आखूड झालाय. उसव."

"तिकडचा तसाच आहे."

"मग तू तरी नीट कर. कोण बघतंय?"

"त्यांनी जोडी मागितलीय," मी म्हटलं, आणि पुढच्या घरात सुई घातली.