गाठीवरचा उजेड

तिसरी केमो झाली आणि ताईच्या स्तनातली गाठ पुन्हा उजेडाने तपासायची ठरली. त्यासाठी खोलीत मिट्ट अंधार करतात. ताईने मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलं. मशीनवरच्या मुलीने गाठीवर दिवा टेकवला तशी कातडी लाल झाली. लहानपणी आम्ही बॅटरीवर तळहात धरायचो, तेव्हा वाटायचं, आपल्या आत उजेडच भरलाय. ते रक्त होतं. औषध लागू पडलं तर गाठीतलं रक्त कमी दिसतं.

मागच्या वेळी “बघा, कमी झालंय!” म्हणत त्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवला होता.

“आज किती उतरलं गं?” ताईने विचारलं.

“डॉक्टर सांगतील, मावशी.” तिने स्क्रीन हळूच स्वतःकडे फिरवला.

खोलीतला दिवा लावायला ती उठेना. मी अंधारातच ताईच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं.