परत बोलणाऱ्या सिस्टर

नाशिकला डॉक्टर आणि नर्स यांचं एकत्र प्रशिक्षण होतं. माझ्या जोडीला पेठ तालुक्यातल्या एक सिस्टर आल्या. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंही नाही, सिस्टरांना नावाने न ओळखायची माझी सवय इतकी जुनी.

औषधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरून त्या ओठ हलवत लेबल वाचत आणि माझी प्रत्येक सूचना मोठ्याने परत बोलत. माझ्या वॉर्डात असं कोणी केलं की मी म्हणायचो, "कान तपासून घ्या." हळूहळू तिथल्या सिस्टर गप्प झाल्या. त्या शांततेला मी शिस्त समजलो.

सरावाला टेबलावर रबरी पुतळा होता. घाईत मी म्हणालो, "पाच मिली द्या."

"पाच मिली, सर?" त्यांचा हात थांबला. द्यायचं होतं अर्धा मिली.

मी ओशाळलो. "बरं झालं, परत विचारलंत."

"मला पहिल्या वेळीच आयकू आलं होतं, सर," त्या हसून म्हणाल्या. "परत बोलते ते तुमाला आयकू यावं म्हनून."

आजवर माझ्या किती चुका अशा कोणी बोलून दाखवल्या नसतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आमच्या एका सिस्टरना इंजेक्शन सांगितलं आणि म्हणालो, "आता परत म्हणा." त्यांनी आधी माझा चेहरा निरखला, मग पुटपुटल्या.

"मोठ्याने."

त्यांनी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. "डॉक्टर, आता मलाबी पाठ झालं!"

सिस्टर खळखळून हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं.